पायाचे स्नायू ओळखण्याचा योग्य क्रम: हाडांच्या खुणांपासून मालिश आणि व्यायामापर्यंत

पायाच्या स्नायूंचा तक्ता पाहून नावे पाठ करणारे पुष्कळ असतात, पण स्वतःच्या पायावर बोट ठेवून ‘हा स्नायू इथे सुरू होतो आणि इथे संपतो’ असे सांगू शकणारे फार थोडे. त्यामुळे पोटरी दुखली की पोटरी रगडली जाते, मांडीची मागची बाजू आखडल्यासारखी वाटली की ती ताणली जाते आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखले की तिथेच रोलर फिरवला जातो. यात चूक मेहनतीची नसून क्रमाची आहे. दुखणारी जागा आणि दोषी स्नायू या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्या वेगळ्या करण्यासाठी आधी हाड, मग स्नायू, मग हालचाल, मग चाचणी आणि त्यानंतरच मालिश किंवा व्यायाम, असा क्रम पाळावा लागतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. तळपायातील लहान स्नायू हा स्वतंत्र विषय असल्यामुळे येथे खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या स्नायूंचाच विचार केला आहे.

पायरी १ : तयारी आणि आधीची तपासणी

मांडी पूर्ण मोकळी राहील अशी आखूड चड्डी, जमिनीवर अंथरायला चटई, पाठ नसलेली किंवा सरळ पाठीची टणक खुर्ची, टेकायला मोकळी भिंत, मोजपट्टी आणि त्वचेवरून सहज धुऊन जाणारे पेन एवढे साहित्य पुरते. तेल या टप्प्यावर बाजूला ठेवावे. तेलकट बोटे त्वचेवरून घसरतात आणि त्वचेखालच्या थरांतला फरक जाणवत नाही, म्हणून चाचपणी नेहमी कोरड्या हाताने करावी. कठोर व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी ही चाचपणी करू नये, कारण त्या दिवशी सगळेच स्नायू हुळहुळे असतात आणि कुठे खरा दोष आहे ते कळत नाही.

दोन्ही पाय तपासायचे आहेत, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. दुखऱ्या पायाची तुलना करण्यासाठी तुमच्याच दुसऱ्या पायाइतके चांगले माप नाही.

सावधान : एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, लालसर आणि दाबल्यावर दुखणारी असेल, तर त्या पायाला मालिश अजिबात करू नये. खोलवरच्या नीलेत रक्ताची गुठळी झाल्याची ही लक्षणे असू शकतात. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, बरेच दिवस अंथरुणावर काढले असतील, खूप लांबचा बसून प्रवास झाला असेल किंवा गर्भारपण अथवा बाळंतपणानंतरचा काळ असेल, तर ही शक्यता वाढते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर क्षणाचाही उशीर करू नये. फुगलेल्या नीला, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग किंवा मधुमेहामुळे बधिर झालेले पाय असतील, तर त्या भागावर जोर देऊ नये. बधिर पायाला दाब किती झाला हे सांगताच येत नाही.

पायरी २ : हाडांच्या आठ खुणा शोधणे

स्नायू मऊ असतात, माणसागणिक कमी-जास्त असतात आणि चरबीखाली लपतात. हाडांचे उंचवटे मात्र आपल्या जागी असतात. म्हणून स्नायू शोधण्याआधी हाडे शोधावीत आणि प्रत्येक खुणेवर पेनाने ठिपका द्यावा.

पहिली खूण कमरेच्या हाडाचे पुढचे टोक. दोन्ही हात कमरेवर ठेवून हाडाच्या कडेवरून बोटे पुढे सरकवत नेली, की कडा संपते तिथे एक टणक उंचवटा लागतो. दुसरी खूण खुब्याच्या बाहेरचा उंचवटा. उभे राहून तळहात खुब्याच्या कडेला सपाट ठेवावा आणि पाय सरळ ठेवून पाऊल आत-बाहेर वळवावे. हाताखाली जे मोठे हाड गोल फिरताना जाणवते, तो मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा होय. तिसरी खूण बैठकीचे हाड. टणक खुर्चीवर तळहात उताणे ठेवून त्यांवर बसले, की दोन्ही बाजूंना एकेक हाड हातात रुतते.

चौथी खूण गुडघ्याची वाटी, आणि तिच्याखाली साधारण दोन-तीन बोटांवर नडगीच्या हाडाचा पुढे आलेला उंचवटा ही पाचवी. सहावी खूण बहुतेकांची चुकते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या रेषेच्या जरा खाली आणि जरा मागे, एक गोल टणक गाठ लागते. ते पायातल्या बाहेरच्या बारीक हाडाचे डोके आहे. पुष्कळजण त्याला गुडघ्याचाच भाग समजतात. सातवी खूण दोन्ही घोटे. बाहेरचा घोटा आतल्या घोट्यापेक्षा थोडा खाली आणि मागे असतो, हे डोळ्यांनी पडताळून पाहावे. आठवी खूण टाचेच्या हाडाची मागची बाजू.

सावधान : सहाव्या खुणेच्या लगेच खाली, त्या बारीक हाडाच्या मानेभोवती वळसा घेऊन एक मज्जातंतू जातो आणि तो तिथे जवळजवळ त्वचेलगत असतो. या जागी अंगठ्याने किंवा रोलरने जोर दिल्यास पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. दाब बराच वेळ राहिला तर पाऊल वर उचलणेही अवघड होऊ शकते.

पडताळणी : दोन्ही पायांवरचे ठिपके आरशात पाहावेत. एखादा ठिपका दुसऱ्या बाजूशी जुळत नसेल तर तो आधी दुरुस्त करावा, कारण पुढचे सगळे मोजमाप या ठिपक्यांवर अवलंबून आहे.

पायरी ३ : स्नायूला काम देऊन तो ओळखणे

नियम एकच आहे. बोटे जागेवर अलगद ठेवावीत, स्नायूला त्याचे नेमके काम करायला लावावे, तो कडक झाल्याचे अनुभवावे आणि मग त्याला सैल सोडून तो मऊ झाल्याची खात्री करावी. कडक होणे आणि मऊ होणे या दोन्ही गोष्टी जाणवल्याशिवाय स्नायू सापडला असे समजू नये. सुरुवातीलाच जोरात दाबल्याने काहीच कळत नाही, कारण दाबलेला स्नायू आकसून विरोध करतो.

*मांडीची पुढची बाजू.* पाय लांब करून जमिनीवर बसावे, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा आणि गुडघ्याने टॉवेल खाली दाबावा. मांडीचा पुढचा भाग, म्हणजे क्वाड्रिसेप्स, कडक होतो. याचे चार भाग आहेत. वाटीच्या वर आतल्या बाजूला थेंबाच्या आकाराचा फुगवटा दिसतो तो व्हॅस्टस मेडियालिस, बाहेरच्या बाजूचा मोठा पसरट भाग व्हॅस्टस लॅटरालिस आणि मधोमध वरून खाली येणारा रेक्टस फेमोरिस. चौथा व्हॅस्टस इंटरमीडियस हा रेक्टसच्या खाली दडलेला असल्यामुळे वेगळा हाती लागत नाही. आता पाय सरळ ठेवूनच तो जमिनीपासून वीतभर उचलावा. या वेळी रेक्टस फेमोरिस जास्त ठळक होतो, कारण चौघांपैकी तोच एक खुब्यावरूनही जातो आणि मांडी पुढे उचलायला मदत करतो. बाकीचे तिघे फक्त गुडघा सरळ करतात. हा फरक पुढे ताणण्याच्या पायरीत फार उपयोगी पडणार आहे.

याच भागात कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून तिरका निघून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत जाणारा सार्टोरियस हा शरीरातला सर्वांत लांब स्नायू आहे. खुर्चीवर बसून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायला जाताना, अर्ध्या वाटेत पाय थांबवला, तर तो मांडीच्या वरच्या भागात अरुंद पट्टीच्या रूपात जाणवतो.

*मांडीची मागची बाजू.* खुर्चीच्या कडेवर बसावे, गुडघे काटकोनात ठेवावेत आणि टाच जमिनीत रोवून ती स्वतःकडे ओढण्याचा प्रयत्न करावा, पाऊल मात्र जागचे हलू देऊ नये. दोन्ही हातांची बोटे गुडघ्याच्या मागे कडांना लावली, तर दोन्ही बाजूंना ताणलेल्या दोरीसारख्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्या, उठून आलेल्या लागतात. बाहेरची कंडरा बायसेप्स फेमोरिसची. तिच्यावरून बोट खाली नेले तर ते थेट सहाव्या खुणेवर, म्हणजे बारीक हाडाच्या डोक्यावर पोहोचते. आतल्या बाजूची बारीक, अधिक उठावदार कंडरा सेमिटेंडिनोससची आणि तिच्या आसपास खोल, रुंद जाणवणारा भाग सेमिमेंब्रेनोससचा. आता टाच ओढत असतानाच पावलाचा पुढचा भाग बाहेर वळवून पाहावा, मग आत वळवून पाहावा. बाहेर वळवल्यावर बाहेरची कंडरा आणि आत वळवल्यावर आतल्या कंडरा अधिक ताठ होतात. एवढा एक प्रयोग नीट केला की हॅमस्ट्रिंग हा एक स्नायू नसून तीन स्नायूंचा गट आहे, हे पुन्हा कधी विसरले जात नाही. या तिघांचाही उगम बैठकीच्या हाडावर आहे. फक्त बायसेप्सचा आखूड भाग मांडीच्या हाडावरून निघतो.

सावधान : या दोन कडांच्या मधली मऊ खळगी, म्हणजे गुडघ्यामागची लवण, ही मोकळी जागा नाही. तिथून मोठी धमनी, नीला आणि मज्जातंतू जातात. लवणीत अंगठा रुतवणे, चेंडू ठेवून गुडघा दुमडणे किंवा रोलरवर वजन टाकणे टाळावे.

*मांडीची आतली बाजू.* दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये मूठ ठेवून ती दाबली की अ‍ॅडक्टर गट कडक होतो. जांघेजवळ जी ठळक कंडरा उठते ती अ‍ॅडक्टर लाँगसची. या गटातला सर्वांत मोठा अ‍ॅडक्टर मॅग्नस मागे बैठकीच्या हाडापर्यंत पोहोचतो आणि मांडी मागे नेण्यात हॅमस्ट्रिंगला साथ देतो. त्यामुळे खाली वाकताना मांडीच्या आतून मागे होणारी ओढ पुष्कळदा याची असते आणि दोष मात्र हॅमस्ट्रिंगवर येतो. जांघेच्या मधोमध बोटाला नाडी लागते. त्या त्रिकोणी भागात खोल दाब देऊ नये.

*खुबा आणि नितंब.* कमरेच्या हाडाची कडा आणि खुब्याचा बाहेरचा उंचवटा यांच्या मध्ये बोटे ठेवून त्याच बाजूच्या एका पायावर उभे राहावे. बोटांखाली कडक होतो तो ग्लुटियस मेडियस. तिथून थोडे पुढे, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाच्या जरा मागे बोटे ठेवून मांडी आत वळवली, की टेन्सर फॅसिया लाटा हा लहान स्नायू लागतो. मागचा मोठा ग्लुटियस मॅक्सिमस ओळखायला कष्ट नाहीत. नितंब आवळला की तो हातात येतो. त्याच्या खाली खोलवर पिरिफॉर्मिस आहे आणि बहुतेकांमध्ये पायाचा सर्वांत जाड मज्जातंतू, सायाटिक, त्याच्या खालून बाहेर पडतो. नितंबात चेंडू रुतवून बसल्यावर पायात खालपर्यंत झिणझिण्या गेल्या, तर दाब स्नायूवर नसून मज्जातंतूवर आहे असे समजून जागा लगेच बदलावी.

मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याखालपर्यंत जाणारा इलिओटिबियल बँड हा स्नायू नाही. तो जाड तंतुमय पट्टा आहे आणि तो स्वतः आकसत किंवा सैल होत नाही. टेन्सर फॅसिया लाटा आणि ग्लुटियस मॅक्सिमस त्याला वरून ओढून धरतात.

*पोटरी.* उभे राहून टाचा उचलल्या की पोटरीच्या वरच्या अर्ध्या भागात दोन फुगवटे येतात. तो गॅस्ट्रोक्नेमियस. आतला फुगवटा बाहेरच्यापेक्षा मोठा आणि थोडा खालपर्यंत उतरलेला असतो. हा स्नायू गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडावरून निघतो. आता खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात ठेवावा, गुडघ्यावर हाताने खाली जोर द्यावा आणि त्याविरुद्ध टाच उचलावी. गुडघा वाकल्यामुळे गॅस्ट्रोक्नेमियस सैल पडतो आणि त्याच्या खालून, पोटरीच्या दोन्ही कडांना, सोलियस कडक झालेला लागतो. सोलियसचा उगम गुडघ्याच्या खाली असल्यामुळे गुडघा वाकवण्याने त्याला फरक पडत नाही. दोघेही टाचेमागच्या एकाच जाड कंडरेतून टाचेच्या हाडाला जोडले जातात.

*नडगीची बाजू.* नडगीच्या टोकदार कडेच्या लगेच बाहेर बोटे ठेवून पाऊल वर आणि आत वळवावे. तिथे टिबियालिस अँटिरियर फुगतो. पाऊल बाहेर वळवले तर पायाच्या बाहेरच्या कडेचे फिब्युलारिस स्नायू कडक होतात आणि त्यांच्या कंडरा बाहेरच्या घोट्याच्या मागून जाताना दिसतात. पावलाची कमान उचलून धरणारा टिबियालिस पोस्टिरियर खोल असतो. त्याची कंडरा मात्र आतल्या घोट्याच्या मागे सापडते. नडगीची आतली सपाट बाजू हे त्वचेखाली लगेच असलेले हाड आहे. तिथे रगडण्याजोगा स्नायू नाही आणि तिथे जोर देऊन केलेली मालिश फक्त हाडावरचे आवरण दुखावते.

पायरी ४ : चालण्याच्या क्रमात स्नायू बसवणे

सुटे स्नायू ओळखता आले तरी ते केव्हा काम करतात हे कळल्याशिवाय व्यायाम निवडता येत नाही. चालताना एका पायाच्या पूर्ण फेऱ्यातला सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर आणि सुमारे ४० टक्के वेळ हवेत असतो. अगदी सावकाश चालत, एकेक टप्प्यावर हात ठेवून पुढील गोष्टी पडताळाव्यात.

टाच टेकल्यावर पाऊल आपटू नये म्हणून टिबियालिस अँटिरियर ते हळू खाली सोडतो, आणि गुडघा वाकून अंगाचे वजन झेलले जाते तेव्हा क्वाड्रिसेप्स त्याला आवरतो. पाय सरळ अंगाखाली आला की ग्लुटियस मेडियस कमरेला दुसऱ्या बाजूला झुकू देत नाही. मग टाच उचलली जाते आणि सोलियस व गॅस्ट्रोक्नेमियस शरीर पुढे ढकलतात. पाय हवेत येताच मांडी पुढे आणण्याचे काम पोटाच्या खोल भागातून येणाऱ्या इलिओसोआसचे, आणि पाय पुढे झेपावत असताना त्याला शेवटी लगाम घालण्याचे काम हॅमस्ट्रिंगचे.

यातल्या निम्म्या कामांत स्नायू आखूड होत नसून लांब होत होत जोर लावतो, म्हणजे आवर घालतो. ही बाब सर्वाधिक दुर्लक्षिली जाते, असे माझे मत आहे. उतारावरून किंवा जिन्यावरून खूप उतरल्यानंतर मांड्या दुखतात ते याच आवर घालण्यामुळे. वेगाने धावताना हॅमस्ट्रिंगला इजा होते तीही बहुधा पाय पुढे झेपावण्याच्या शेवटच्या क्षणी. ज्याच्या व्यायामात फक्त उचलण्यावर भर आहे आणि सावकाश खाली सोडण्याची सवय नाही, त्याचे स्नायू अर्ध्याच कामासाठी तयार झालेले असतात.

पायरी ५ : लांबी आणि ताकद तपासणे

येथे घाई करू नये. मालिश की ताण की ताकद, हा निर्णय याच पायरीवर होतो.

१. भिंत आणि गुडघा. भिंतीसमोर एक पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावावा. गुडघा लागेल इतके पाऊल जास्तीत जास्त मागे न्यावे आणि अंगठा ते भिंत हे अंतर मोजावे. साधारण १० सेंटिमीटर अंतर पुरेसे मानले जाते, पण दोन पायांतला फरक अधिक बोलका असतो. गुडघा वाकलेला असल्यामुळे ही चाचणी सोलियस आणि घोट्याच्या सांध्याविषयी सांगते, गॅस्ट्रोक्नेमियसविषयी नाही.

२. सरळ पाय उचलणे. उताणे झोपून दुसऱ्याने पाय सरळ ठेवून हळू उचलावा. बहुतेक निरोगी माणसांचा पाय ७० ते ९० अंशांपर्यंत जातो. ओढ जाणवू लागली की तिथेच थांबून पाऊल नडगीकडे ओढावे, मग सैल सोडावे. मांडीच्या मागची ओढ पावलाच्या या हालचालीने लक्षणीय वाढत-घटत असेल, तर ती केवळ हॅमस्ट्रिंगची नाही, कारण हॅमस्ट्रिंग घोट्यापर्यंत जातच नाही. तिथे मज्जातंतूचा ताण असण्याची शक्यता आहे आणि जोर लावून ताणल्यास त्रास वाढतो.

३. टेबलाच्या कडेवर झोपणे. भक्कम टेबलाच्या किंवा पलंगाच्या कडेवर बैठक टेकवून उताणे व्हावे. एक गुडघा छातीशी धरावा, दुसरा पाय मोकळा लोंबू द्यावा. लोंबणारी मांडी वर राहिली तर इलिओसोआस आखूड असू शकतो. मांडी टेकली पण गुडघा वाकून खाली न येता सरळ राहू पाहतो, तर रेक्टस फेमोरिस. कमरेखाली पोकळी पडू दिली तर ही चाचणी खोटी ठरते.

४. एका पायावर उभे राहणे. आरशासमोर ३० सेकंद. उचललेल्या पायाच्या बाजूची कमर खाली गेली, तर उभ्या पायाचा ग्लुटियस मेडियस कमजोर आहे. पुष्कळजण इथे उलटा अर्थ लावतात आणि ज्या बाजूची कमर खाली गेली तीच बाजू मजबूत करत बसतात.

५. एका पायावर टाच उचलणे. भिंतीला फक्त बोटे टेकवून, गुडघा सरळ ठेवून, टाच पूर्ण उंचीपर्यंत उचलावी. २० ते २५ वेळा जमणे चांगले. उंची कमी होऊ लागली की मोजणी थांबवावी.

निर्णय : स्नायू आखूड आहे आणि ताकद ठीक आहे, तर ताणणे आणि मालिश उपयोगी. लांबी पुरेशी आहे पण स्नायू ‘आखडल्यासारखा’ वाटतो आणि ताकदीत कमी पडतो, तर त्याला ताकदीचे काम द्यावे. सतत थकलेला कमजोर स्नायूही आखडल्यासारखाच वाटतो आणि त्याला रोज ताणल्याने काही तासांपलीकडे आराम मिळत नाही. लांबी, ताकद दोन्ही ठीक आणि तरी दुखते, तर कारण दुसरीकडे शोधावे.

पायरी ६ : मालिश

स्नायू सैल असेल अशी बैठक ही मालिशची पहिली अट आहे. पोटरीसाठी पालथे झोपावे आणि घोट्याखाली उशी घ्यावी म्हणजे गुडघा किंचित वाकतो व पोटरी ढिली पडते. मांडीच्या पुढच्या भागासाठी उताणे होऊन गुडघ्याखाली उशी घ्यावी. ताणलेल्या स्नायूवर केलेली मालिश वरवरच राहते.

तेल बेताचे घ्यावे. प्रथम दोन-तीन मिनिटे पूर्ण तळहाताने, घोट्याकडून वर, हलका आणि सलग हात फिरवावा. मग स्नायू मुठीत धरून मळल्यासारखा दाबावा. त्यानंतरच, गरज असेल तर, अंगठ्याने किंवा बोटांच्या पेरांनी ठरावीक जागी २० ते ३० सेकंद स्थिर दाब द्यावा आणि शेवटी पुन्हा हलक्या हाताने वर जावे. सोलियसपर्यंत पोहोचायचे असेल तर गॅस्ट्रोक्नेमियसवरून आरपार दाबण्यापेक्षा पोटरीच्या दोन्ही कडांनी आत जाणे सोपे आणि कमी दुखणारे असते. टिबियालिस अँटिरियरसाठी अंगठा नडगीच्या कडेच्या बाहेरच्या बाजूने, हाडाला न घासता चालवावा. मांडीच्या बाहेरच्या पट्ट्यावर जोर देण्याऐवजी त्याला ओढणाऱ्या दोन स्नायूंवर आणि पट्ट्याखालच्या व्हॅस्टस लॅटरालिसवर काम करावे.

दाब किती द्यावा याची खूण श्वासात असते. श्वास रोखला जात असेल, पावलाची बोटे आवळली जात असतील, तर दाब जास्त आहे. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण दिले, तर पाचाच्या पुढे जाऊ नये. त्वचेवर निळे डाग उठणे म्हणजे मालिश चांगली झाली असे मुळीच नाही. ती सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटल्याची खूण आहे. स्नायूला नुकतीच इजा झाली असेल, तर पहिले दोन-तीन दिवस त्या जागी खोल मालिश करू नये, कारण आतला रक्तस्राव वाढू शकतो.

पडताळणी : मालिश झाल्यावर लगेच पायरी ५ मधली संबंधित चाचणी पुन्हा करावी. काहीच फरक नसेल तर जोर वाढवू नये, तर स्नायू चुकला आहे का ते पाहावे.

पायरी ७ : ताणणे आणि ताकद वाढवणे

आधी ५ ते १० मिनिटे चालून अंग गरम करावे. पोटरी दोनदा ताणावी लागते. भिंतीला टेकून मागचा गुडघा सरळ ठेवला तर गॅस्ट्रोक्नेमियस, आणि तोच गुडघा वाकवून टाच जमिनीवर ठेवली तर सोलियस. दोन्ही वेळा पाऊल सरळ पुढे असावे. बाहेर वळलेले पाऊल ताण चुकवते. हॅमस्ट्रिंगसाठी पाठ गोल करून बोटांनी पावले शिवण्याचा हट्ट सोडावा. पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुकावे, म्हणजे बैठकीचे हाड मागे-वर जाते आणि ताण खरोखर स्नायूवर येतो. रेक्टस फेमोरिस ताणताना टाच नितंबाकडे ओढणे अर्धे काम आहे. पोट आत घेऊन कमरेची पोकळी मिटवली नाही तर खुब्याकडचे टोक सैलच राहते.

प्रत्येक ताण ३० सेकंद, दोन ते चार वेळा. झटके देऊ नयेत. वेगाने धावण्याच्या किंवा उड्यांच्या खेळाआधी एका स्नायूला मिनिटापेक्षा जास्त काळ स्थिर ताण देणे टाळावे, कारण त्यामुळे तात्पुरता जोर कमी होऊ शकतो. त्याऐवजी पाय झुलवणे, लांब पावले टाकणे अशा हालत्या कृती कराव्यात.

ताकदीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचे व्यायाम करावेत. मोठे, अनेक सांध्यांचे व्यायाम आधी आणि छोटे नंतर, हा क्रम ठेवावा, अन्यथा थकलेले लहान स्नायू मोठ्या व्यायामात तोल सांभाळू शकत नाहीत. बैठका आणि कमरेतून झुकण्याचा व्यायाम आधी, मग उताणे झोपून कंबर उचलणे, मग कुशीवर पाय उचलणे, मग टाचा. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन ते तीन फेऱ्या, आणि उचलण्यापेक्षा खाली सोडताना अधिक वेळ घ्यावा.

तीन ठिकाणी हमखास चूक होते. कंबर उचलताना टाचा फार दूर ठेवल्या तर भार हॅमस्ट्रिंगवर जाऊन गोळा येतो. टाचा नितंबाजवळ घ्याव्यात. कुशीवर पाय उचलताना अंग मागे कलले आणि पावलाची बोटे छताकडे वळली, तर ग्लुटियस मेडियसचे काम टेन्सर फॅसिया लाटा करतो. पाय किंचित मागे नेऊन टाच आधी उचलावी. टाचा उचलताना उसळी मारली तर कंडरेची लवचीकता काम करते आणि स्नायू मोकळा राहतो. वर पोहोचल्यावर एक क्षण थांबावे. टाचांचा व्यायाम गुडघा सरळ ठेवून आणि बसून, असा दोन्ही प्रकारे केल्याशिवाय पोटरी पूर्ण होत नाही.

सावधान : व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत येणारे पसरट, दोन्ही पायांतले दुखणे सहसा आपोआप ओसरते. एका बिंदूवर टोचणारे, व्यायाम चालू असतानाच उठलेले किंवा ‘तट्’ असा आवाज होऊन आलेले दुखणे मात्र इजेचे असते. तिथेच थांबावे.

पायरी ८ : नोंद आणि फेरतपासणी

पाच चाचण्यांचे आकडे दोन्ही पायांसाठी लिहून ठेवावेत आणि चार आठवड्यांनी, दिवसाच्या त्याच वेळी, त्याच क्रमाने पुन्हा मोजावेत. मध्ये रोज मोजल्याने फक्त चढ-उतार दिसतात. लांबी वाढली पण ताकद जागच्या जागी असेल, तर ताणण्याचा वेळ अर्धा करून तो ताकदीला द्यावा. एका पायाचा फरक चार आठवड्यांनंतरही तसाच राहिला, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, पाऊल वर उचलता येत नसेल, पायात बधिरपणा पसरत असेल किंवा टाचेमागे फटका बसल्यासारखे वाटून एका पायावर टाच उचलणे अचानक बंद झाले असेल, तर घरगुती चाचपणी थांबवून डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जावे, आणि जाताना ही नोंद सोबत न्यावी. दोन्ही पायांचे आकडे समोर असले की तपासणी कुठून सुरू करायची ते त्यांना लवकर ठरवता येते.